ऑनलाइन व्हिडिओंचे तुकडे जोडून केलेल्या गाण्याला नवी निर्मिती म्हणता येईल का?

आपण विचारले आहे की, यूट्यूबवरील अनोळखी गायक-वादकांच्या चित्रफिती कापून आणि जोडून जे संगीतकार नवे गाणे तयार करतात, त्यांच्या कामाला निर्मिती म्हणावे की उचलेगिरी, आणि तबल्याच्या दोन परीक्षा दिलेल्या माणसाला हे काम घरच्या संगणकावर जमेल का. मी नाशिकला पंचवटीत एक लहानसा ध्वनिमुद्रण स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळे, कीर्तने आणि शाळांची स्नेहसंमेलने यांचे मुद्रण हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि गेली काही वर्षे रात्री उरणाऱ्या वेळात मी आपण म्हणता तेच काम करत आलो आहे. ही निर्मितीच आहे, असे मी अनुभवाने सांगतो. तिची जात मात्र साथसंगतीची आहे. पेटीवाला जसा गायकाच्या मागे बसून त्याची पट्टी, त्याची लय आणि त्याचा श्वास सांभाळतो, तसेच हा संगीतकार करतो, फरक एवढाच की गायक आधीच गाऊन उठून गेलेला असतो.

या प्रकारातले मला सर्वांत जवळचे वाटणारे काम कुटिमान या इस्रायली संगीतकाराचे आहे. त्याचे खरे नाव ओफिर कुटिएल. 2009 च्या मार्चमध्ये त्याने ‘थ्रू यू’ या नावाने सात गाणी प्रसिद्ध केली. त्यांतील आवाज आणि वाद्ये यूट्यूबवरच्या कुणाच्या ना कुणाच्या व्हिडिओतून घेतलेली होती. पहिले गाणे बर्नार्ड पर्डी या नामवंत अमेरिकी ड्रमवादकाच्या चित्रफितीने सुरू होते, त्यावर गिटार शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला सुरांचा गुच्छ, येऊन बसतो, आणि मग घरी सराव करणारी, शिकवणी घेणारी, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकेक करून मैफलीत येऊन बसतात. पडदा चौकटींत विभागलेला असल्यामुळे कोणता ठोका कुणाच्या हातून पडला हे आपल्याला दिसत राहते, आणि त्याने प्रत्येक मूळ चित्रफितीचा दुवाही दिला होता. चित्र आणि ध्वनी यांची ताटातूट न करण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे वाजवणारा माणूस गाण्यात शिल्लक राहतो.

पुढे 2014 मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्सच्या समांथा माँटगोमेरी यांचा आवाज घेतला. वृद्धांची शुश्रूषा करून पोट भरणाऱ्या या बाई ‘प्रिन्सेस शॉ’ या नावाने कोणत्याही साथीविना स्वतःची गाणी गाऊन यूट्यूबवर टाकत असत. त्यांच्या एका गाण्याभोवती कुटिमानने इतर अनोळखी वादकांचा अख्खा वाद्यवृंद उभा केला, आणि ते प्रसिद्ध होईपर्यंत त्यांना त्याची कल्पना नव्हती. त्यांच्यावर पुढच्या वर्षी माहितीपटही आला. त्यांचा मूळ एकटा आवाज आधी ऐकावा आणि मग कुटिमानचे गाणे ऐकावे, म्हणजे साथ या शब्दाचा मी कोणत्या अर्थाने वापर करतो आहे ते लक्षात येईल.

कल्पना म्हणून हे नवे नाही. पिएर शेफेर या फ्रेंच अभियंत्याने 1948 मध्येच रेल्वेचे मुद्रित आवाज जुळवून एक रचना केली होती. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी पोहोचला तो मात्र 2020 मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटे यांनी एका हिंदी मालिकेतील सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या रागाला चाल लावली तेव्हा. त्यांची वाट कुटिमानपेक्षा वेगळी आहे: कुटिमान मुळात वाजवलेले आणि गायलेले घेतो, तर मुखाटे साध्या बोलण्यात दडलेला चढउतार शोधून त्याला सुरांवर आणून ठेवतात. लोक त्या गाण्यावर हसले, आणि हसण्याच्या भरात त्या बोलण्याची मूळ लय त्यांनी किती नेमकी पकडली होती हे बरेचदा बोलायचे राहून गेले, याची मला आजही चुटपुट वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते माझ्या एका रचनेवरून सांगतो. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याच्या लिलावाची एक चित्रफीत मला सापडली होती. ट्रॅक्टरच्या रांगेतून पुढे सरकत बोली पुकारणाऱ्या माणसाचा तो आवाज मी दहा-पंधरा वेळा ऐकला आणि त्याखाली सवयीने केरवा घातला. आठ मात्रांच्या त्या चौकटीत बोली काही केल्या बसेना. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मात्रा रिकामी उरायची, ती भरण्यासाठी मी शब्द ताणला की आवाज लंगडा वाटायचा. तिसऱ्या रात्री मी संगणक बाजूला ठेवून नुसता हाताने ताल धरून ऐकत बसलो, तेव्हा कळले की तो गृहस्थ सहा मात्रा बोलतो आणि सातव्या जागी श्वास घेतो. म्हणजे सात मात्रांचा रूपक ताल त्याच्या बोलण्यातच होता. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ ही बिनजोराची जागा येते हे आपण तबला शिकल्यामुळे जाणताच. आवर्तन त्याच्या श्वासापासून मोजायला सुरुवात केली आणि श्वास बरोबर त्या ‘खाली’च्या जागी पडला. त्यानंतर मी एकही अक्षर ताणले नाही. त्या रूपकाला मी संबळाचे तुकडे जोडले, तेही एका गोंधळाच्या चित्रफितीतून घेतलेले, आणि एका ढोल-ताशा पथकाच्या सरावातील ताशाची चार आवर्तने घेतली.

सुराच्या बाबतीतही हेच घडते. याच रचनेसाठी मी दिंडोरी तालुक्यातील एका आजींची जात्यावरची ओवी घेतली होती. त्यांच्या नातीने ती मोबाइलवर टिपून यूट्यूबवर टाकली होती, आणि ती जेमतेम चाळीस सेकंदांची होती. आजींचा षड्ज, म्हणजे मूळ सा, पेटीच्या काळी चार या पट्टीच्या थोडा वर लागत होता. शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग मानले, ज्यांना आम्ही सेंट म्हणतो, तर साधारण तीस भाग वर. अशा वेळी बहुतेक जण आवाजच खाली ओढून पेटीच्या पट्टीवर आणतात, आणि सुरांची आपोआप दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर लावून उरलेसुरले कंगोरेही घासून टाकतात. आजींचा गंधार पेटीच्या कोणत्याच पट्टीवर नव्हता आणि ओवीचा सगळा ओलावा त्या गंधारात होता, म्हणून मी ओवीला हात न लावता पेटीच्या चित्रफितीचा सूर तीस सेंट वर नेला. केवळ वेग वाढवून सूर चढवायचा झाला, तर एका पट्टीमागे वेग सुमारे सहा टक्के वाढतो आणि लय हातची जाते. हल्लीची साधने लय तशीच ठेवून सूर हलवू देतात, पण दोन-तीन पट्ट्यांपलीकडे गेले की माणसाचा गळा खेळण्यातला वाटू लागतो. एकत्र मुद्रित झालेले आवाज वेगळे करण्याचीही साधने आता मिळतात, त्यांतील स्प्लीटर हे 2019 पासून सर्वांसाठी खुले आहे. मोबाइलच्या मुद्रणाचा एक दोष मात्र कोणत्याही साधनाने पुरता जात नाही. मोबाइल मोठा आवाज आपण होऊन दाबतो आणि लहान आवाज उचलतो, त्यामुळे ढोलाच्या जोरकस आणि हलक्या टिपऱ्यांमधला फरकच पुसला जातो. ढोलाचे तुकडे निवडताना म्हणूनच चित्रातला हात किती उंच गेला आहे याकडेही लक्ष ठेवावे.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. तबल्याच्या दोन परीक्षांनी दिलेला लयीचा कान या कामात संगणकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तालाचा तुकडा, घेऊन त्यावर माणसे चिकटवू नयेत. आधी एक माणूस निवडावा आणि त्याच्या लयीला शरण जावे, एवढेच माझे सांगणे आहे.

परवानगीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे अनेकांचा गैरसमज असतो. अमुक सेकंदांपर्यंतचा तुकडा वापरला तर चालतो, असा कोणताही नियम आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि ते सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा. ओवीचे शब्द परंपरेचे असले, तरी आजींनी गायलेल्या त्या ओवीवर आजींचा हक्क असतो. 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आणखी दोन गोष्टी स्पष्टपणे दिल्या: सादरकर्ता म्हणून आपले नाव सांगितले जाण्याचा हक्क, आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क. ज्या चित्रफिती क्रिएटिव्ह कॉमन्स या, इतरांना वापराची आधीच मुभा देणाऱ्या, परवान्याखाली टाकलेल्या असतात त्या श्रेय देऊन वापरता येतात, परंतु टाकणाऱ्याकडे तो हक्क खरोखर होता की नाही हे पाहावे लागते. श्रेय न मिळाल्याने काय होते याचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही: एका अमेरिकी वाद्यवृंदाच्या 1969 च्या ध्वनिमुद्रिकेतील सुमारे सहा सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे जगभरातील हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये त्याचा एक पैसाही न मिळवता वारले. 2015 मध्ये रसिकांनी वर्गणी काढून त्या वाद्यवृंदाच्या प्रमुखांना 24,000 पौंड दिले, तेव्हा कोलमन ते पाहायला नव्हते.

आधी विचारण्याचा हा नियम मी स्वतः एकदा मोडला आहे. लिलावाची आणि संबळाची चित्रफीत टाकणाऱ्यांना मी आधी विचारले होते, आजींच्या नातीलाही विचारले होते, पण ताशाच्या तुकड्याबाबत घाईत राहून गेले आणि गाणे प्रसिद्ध झाले. चार दिवसांनी ताशा वाजवणाऱ्या मुलाचा संदेश आला. तो चिडलेला नव्हता; “दादा, तो सराव होता, माझा हात त्या दिवशी कच्चा पडला होता, लोकांनी तोच ऐकावा असं मला वाटत नाही,” एवढेच त्याने लिहिले होते. त्याचे म्हणणे पूर्णपणे रास्त होते. मी त्याच संध्याकाळी गाणे उतरवले आणि त्याची क्षमा मागितली.

आजींशी मात्र फोनवर बोलणे झाले होते ते गाणे पूर्ण होण्याआधीच. नातीने त्यांना कच्ची रचना ऐकवली होती. हक्काबिक्कांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, “बाबा, माझं जातं कुठं गेलं?” ओवी स्वच्छ ऐकू यावी म्हणून जात्याची घरघर मी गोंगाट समजून काढून टाकली होती, आणि ती काढल्यावर ओवीतले ठेहराव अधांतरी लोंबकळत होते, हे मला त्यांच्या त्या प्रश्नानंतर ऐकू आले. मूळ मुद्रण पुन्हा उघडून मी घरघर परत आणली. तिला एक स्थिर, खोल नाद होता आणि पेटीचा षड्ज तिच्यावर तंबोऱ्यावर बसावा तसा बसला.

गाणे मी नंतर दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केले. ताशाची ती चार आवर्तने काढली आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचा ताशा बसवला नाही; तिथे लिलावाची बोली थांबते, संबळ थांबतो, आणि अठ्ठावीस मात्रा नुसते जाते फिरत राहते.