अमेरिकेतल्या काउंटीचा लोकप्रतिनिधी नेमकं काय काम करतो? एखादं उदाहरण द्याल का?

ग्लोरिया मोलिना यांचं नाव घेईन. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा; मोलिना लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपरवायझर, म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधी होत्या. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या १ कोटीच्या आसपास आणि तिचा कारभार बघणारे सुपरवायझर अवघे पाच! कायदे तेच करतात, अंमलबजावणीही त्यांच्याच हातात. आपल्या जिल्हा परिषदेपेक्षा कितीतरी जास्त वजन. सार्वजनिक रुग्णालयं, तुरुंग, समाजकल्याण, सगळं त्यांच्याकडे.

मोलिना दहा भावंडांत थोरल्या, सुरुवातीला वकिलांकडे सेक्रेटरी. १९७०च्या दशकात काउंटीच्याच मोठ्या रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या बायकांच्या नसबंदीचं प्रकरण गाजलं. बाळंतकळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या होत्या, अनेकींना ती भाषा धड येतही नव्हती. बायका कोर्टात गेल्या, तेव्हा मोलिना ज्या महिला संघटनेत होत्या ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. खटला १९७८मध्ये त्या बायका हरल्या, पण संमतीपत्रं स्पॅनिशमध्येही मिळू लागली.

पुढे १९८२मध्ये राज्याच्या विधानसभेवर, १९८७मध्ये शहराच्या कौन्सिलवर आणि १९९१मध्ये सुपरवायझर. तिन्ही ठिकाणी निवडून आलेल्या पहिल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या महिला, त्याच. मग त्याच रुग्णालयाच्या नव्या इमारतीत ७५० खाटा हव्यात म्हणून त्या भांडल्या. मंजूर झाल्या ६००. बैठकीत अधिकाऱ्यांना फैलावर घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अशा माणसाची गरज असतेच.

एका पदावर किती काळ राहता येतं याला मर्यादा असल्यामुळे २०१४मध्ये पद सोडलं. गोधड्या शिवायचा नाद होता, त्यासाठी पूर्व लॉस एंजेलिसमधल्या बायकांचा गटही जमवला. २०२३मध्ये त्या गेल्या. शहराच्या मध्यावरच्या ग्रँड पार्कला आता त्यांचं नाव आहे.