नकाशा आपण काढायचा, कमाई कंपन्यांनी करायची?

प्रश्न : मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर आमच्या भागातल्या वाड्या, पाणंद रस्ते, विहिरी टाकत असतो. सगळं फुकट. आता कळलं की मोठमोठ्या कंपन्या हाच डेटा वापरतात. मित्र म्हणतात तू फुकटची हमाली करतोयस. मग मला पैसे का मिळू नयेत, आणि हे सगळं चालतं कुणाच्या पैशावर? – एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मेटा, अ‍ॅमेझॉन, ॲपल हा डेटा वापरतात, हो, पण त्यांच्या पगारी टीमसुद्धा याच नकाशात रस्ते टाकतात, आणि ते टाकलेलं तुमच्याइतकंच सगळ्यांचं होतं. 2012 पासून जे लायसन्स आहे त्यात स्पष्ट अट आहे की नाव द्या, आणि या डेटात भर घालून तो बाहेर वापरलात तर ती भरही त्याच अटींवर खुली ठेवा. म्हणजे तुमची पाणंद उचलून कुणी तिला कुलूप लावू शकत नाही. हमालीत माल दुसऱ्याचा असतो, इथे तसं नाहीये.

एडिटमागे पैसे द्यावेत या मताचा मी तरी नाही. मोजून पैसे मिळायला लागले की माणूस आकडा वाढवतो, सॅटेलाइट फोटोत दिसेल ती रेघ रस्ता म्हणून ओढतो. पण तो रस्ता पावसाळ्यात ओढ्यापाशी बंद होतो, दुचाकी जाते पण ट्रॅक्टर जात नाही, वाडीला लोक कुठल्या नावाने ओळखतात, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं आणि तो ते आपलेपणाने टाकतो. 2010 च्या हैतीच्या भूकंपात जगभरच्या लोकांनी घरबसल्या तिथल्या राजधानीचा, पोर्ट-ओ-प्रिन्सचा, नकाशा काही दिवसांत उभा केला, तोही कुणी रेट ठरवला म्हणून नाही.

पैसे लागतात ते दुसरीकडे, आणि तिथे खरंच कमी पडतात. सर्व्हर, बॅकअप, नकाशा एडिट करायचं सॉफ्टवेअर. ही जबाबदारी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची, 2006 मध्ये ब्रिटनमध्ये रजिस्टर झालेली छोटी संस्था, जी सभासदांची फी, देणग्या आणि कंपन्यांच्या सभासदत्वावर चालते. सर्व्हर कितीतरी वर्षं लोकांनी नोकरी सांभाळून रात्री जागून चालवले, त्यासाठी पहिला पगारी इंजिनिअर नेमला गेला 2022 मध्ये. प्रकल्प सुरू झाला 2004 ला, विचार करा!

नकाशात भर घालायला ब्राउझरमध्ये तुम्ही जो आयडी (iD) नावाचा एडिटर उघडता त्याचीही हीच गोष्ट. तो बनवायला अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनने 2012 मध्ये 5 लाख 75 हजार डॉलर दिले होते, छान झालं, पण ग्रँट एकदाच मिळते आणि बग रोज येतात. नवीन फीचरला पैसे देणारे भेटतात, जुनं नीट चालू ठेवायला कोणी पुढे येत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या चळवळीचं खरं दुखणं हेच आहे. कंपन्यांकडून काही मागायचं तर मेंटेनन्सचा दरवर्षीचा पक्का खर्च मागावा, एकत्र जमून नकाशा काढायच्या एखाद्या मॅपिंग पार्टीचे टी-शर्ट नकोत.

तुम्ही एक करा, फाउंडेशनचे सभासद व्हा. वर्षात किमान 42 दिवस एडिट केलं असेल तर फी न भरता होता येतं, आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. पैसा कुठे जावा हे ठरवणारी माणसं त्याच मतांवर निवडून येतात, आणि आपल्याकडचे मॅपर तिथे फार कमी दिसतात.

प्रश्न : ट्रेकला ऑफलाइन नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स वापरते. आता कोमॅप्स नावाचं तसंच दिसणारं ॲप आलंय. भानगड काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑर्गॅनिक मॅप्समध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका गटाने 2025 मध्ये निर्णय कोण घेतं आणि देणग्यांचा हिशोब किती उघड आहे यावर आक्षेप घेतला, बोलणी जमली नाहीत, मग कोड खुला असल्यामुळे त्यांनी वेगळी चूल मांडली, तेच कोमॅप्स. दोन्हीत डेटा ओपनस्ट्रीटमॅपचाच, त्यामुळे गडावरची वाट दोन्हीकडे सापडेल. पैसे द्यायचे असतील तर आधी दोघांचे हिशोब बघा, ज्यांचे पटतील त्यांना द्या. आणि एखादं टाकं नकाशात नसेल तर ते तुम्हीच टाका, दोन्ही ॲपमधून टाकता येतं.