आयनांबरातले दीर्घकालीन चढउतार : सौरडागांपलीकडची कारणं

तुम्ही विचारलंय की 28 मेगाहर्ट्झचा हौशी रेडिओचा बँड काही वर्षं दिवसभर उघडा राहतो आणि मग दोन-तीन वर्षं सुनसान पडतो, तर यामागे सौरडागांखेरीज आणखी काही कारण आहे का.

11 वर्षांचं चक्र सूर्याचंच आहे, त्यात शंका नको. त्या काळात सूर्याचा दृश्य प्रकाश जेमतेम 0.1 टक्क्याने बदलतो. पण आयनांबर (वरच्या हवेतला, रेडिओलहरी परतवणारा विद्युतभारित भाग) घडवणारे अतितीव्र अतिनील किरण आणि क्ष-किरण कित्येक पटींनी वाढतात-घटतात. मध्यम अक्षांशांवर हिवाळ्यातल्या दुपारी आयनांबरातल्या सर्वांत दाट अशा एफ-2 थराची क्रांतिक वारंवारता (सरळ वर सोडलेली लहर जिच्यापुढे परत येत नाही ती) शांत वर्षांत 6 मेगाहर्ट्झच्या आसपास असते, तेजीच्या वर्षांत ती 12 च्या घरात जाते. इलेक्ट्रॉनांची घनता वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे इलेक्ट्रॉन जवळजवळ चौपट. 2008-09 मध्ये सूर्यावर डाग शोधावे लागत होते आणि 28 मेगाहर्ट्झवर दूरची स्टेशनं क्वचितच लागायची, त्याचं कारण हेच.

पण इलेक्ट्रॉन तयार होणं ही अर्धीच गोष्ट. ते किती वेळ टिकतात हे तिथल्या हवेवर ठरतं. एफ-2 थरात आयन मिळतात अणुरूप ऑक्सिजनपासून आणि नष्ट होतात रेणुरूप नायट्रोजन व ऑक्सिजनमुळे. उन्हाळी गोलार्धात तापलेली हवा वर चढताना नायट्रोजन वर आणते आणि हिवाळी गोलार्धाकडे वाहून खाली उतरते. म्हणून युरोपात सूर्य तिरपा असूनही हिवाळ्यातल्या दुपारी उन्हाळ्यापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन सापडतात! जून आणि डिसेंबरच्या आसपास हे गोलार्धांमधलं अभिसरण सगळं उच्च वातावरण ढवळून काढतं आणि अणुरूप ऑक्सिजनचं प्रमाण घटतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला ढवळणं मंदावतं, घनता वाढते. सहामाही चक्राचं हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. संपातांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या) सुमारास भूचुंबकीय वादळंही वाढतात, पण ती एकटी पुरेशी नाहीत.

शिवाय सगळ्या पृथ्वीची सरासरी काढली तर डिसेंबरमधली घनता जूनपेक्षा जास्त भरते. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते खरी, पण त्याने किरणांत साधारण 7 टक्क्यांचाच फरक पडतो, आणि घनतेतला फरक त्याहून बराच मोठा आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मिसळते. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं. तिथे दिवसा विद्युत क्षेत्रामुळे प्लाझ्मा (आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतो. उत्तरेकडचा दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडतो, महाराष्ट्र मधल्या उतारावर. त्यामुळे युरोपातले आलेख आपल्या बँडला जसेच्या तसे लावू नका.

22 वर्षांच्या चक्राबद्दल बरंच लिहिलं जातं. सूर्याची चुंबकीय दिशा दर 11 वर्षांनी उलटते, पण आयनीकरण करणाऱ्या किरणांना त्या दिशेचं सोयरसुतक नसतं. आणि 80-90 वर्षांच्या चक्राचा दावा कुणी केला तर सावध राहा: आयनोसोंडच्या (जमिनीवरून रेडिओलहरी सोडून आयनांबर मोजणाऱ्या यंत्राच्या) सलग नोंदी 1930 च्या दशकापासूनच्या, म्हणजे त्यात असं जेमतेम एक चक्र बसतं.

मला यापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते ती एक संथ, एकाच दिशेने चाललेली घसरण. कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो, पण वरच्या विरळ हवेतून ती अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशात सोडतो, म्हणून वरचं वातावरण थंड होऊन आक्रसतं. हे भाकीत वातावरणशास्त्रज्ञ रोबल आणि डिकिन्सन यांनी 1989 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी आयनांबराचे अभ्यासक रिशबेथ यांनी दाखवलं की हा वायू दुप्पट झाला तर एफ-2 चं शिखर 15 ते 20 किलोमीटर खाली येईल. सौरचक्राचा परिणाम आधी नीट वजा केल्याशिवाय ही घसरण दिसत नाही, म्हणून तर या चक्रांचा हिशोब इतका काटेकोर ठेवावा लागतो.

तुमच्याकडे जुनी लॉगबुकं असतील तर नोंदी महिन्यांनुसार वेगळ्या करा आणि शेजारी 10.7 सेंटीमीटरचा सौर रेडिओ प्रवाह (सूर्य किती क्रियाशील आहे याचं माप) मांडा. कॅनडात तो 1947 पासून मोजला जातो. प्रवाह जवळपास सारखा असलेल्या दोन वर्षांचे फक्त ऑक्टोबर आणि जून ताडून बघा. उरलेला फरक बहुतांशी हवेचा आणि वाऱ्यांचा असेल.