आपली गोष्ट सांगितली, तर लोक कीव करतील का?

"कुठून आले, का आले हे सांगितलं की लोक एकतर कीव करतात, नाहीतर कायमचं परकं ठरवतात. मग सांगायचंच कशाला?" गाव-देश सोडून आलेल्या माणसांच्या तोंडून हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. मागे एका बाईंनीही असंच विचारलं. त्यांच्या संमतीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या ऑफिसातल्या कुरबुरीमुळे. हातात आलेल्या प्रत्येक कागदाची त्या झेरॉक्स काढून ठेवायच्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाटायचं, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. दोघांत कामापुरतंही बोलणं उरलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक निळी फाईल काढली. कडा झिजलेल्या, पाठीला चिकटपट्टी. आत शाळेचा दाखला आणि त्याच्या सात प्रती. त्या दहा वर्षांच्या असताना घरच्यांना एका रात्रीत गाव सोडावं लागलं. नव्या ठिकाणी शाळेनं दाखला मागितला. तो मागेच राहिला होता. वर्ष बुडालं. "पोरं शाळेला जायची, मी खिडकीत उभी," एवढं म्हणाल्या आणि फाईल मिटली.

'सगळं बोलून टाका, मन हलकं होईल,' असं मी म्हटलं नाही. सरसकट दिलेला हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. जखम ओली असेल तर बोलून हलकं वाटत नाही, उलट झोप उडते. किती सांगायचं, कुठं थांबायचं, हे सांगणाऱ्याच्याच हातात हवं.

कीवेबद्दल मात्र मी त्यांना माझं मत सांगितलं. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं, अशानं कीव येते. दोघांनीही आपलं काहीतरी समोर ठेवलं, की तिला फारशी जागा उरत नाही. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या संशोधकांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत सात ठिकाणी मिळून ६,८६९ मतदारांशी बोलणी झाली. कुणालाही दोष न देता दोन्ही बाजूंनी आपापले अनुभव सांगितले, तेव्हा स्थलांतरित आणि ट्रान्सजेंडर लोकांबद्दलची अढी कमी झाली आणि हा परिणाम किमान चार महिने टिकला. अनुभव वगळून नुसते मुद्दे मांडले, तेव्हा तो दिसला नाही.

म्हणून आम्ही सुरुवातीला फक्त एका प्रश्नाची तयारी केली: "तुम्हाला कधी राहतं घर सोडावं लागलंय का?"

सहकारी आधी "नाही" म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच वळून सांगू लागले. आई आजारी पडली म्हणून त्यांना लहानपणी नातेवाइकांकडे ठेवलं होतं. दोन वर्षं त्यांनी कपडे कपाटात लावलेच नाहीत. पलंगाखाली पिशवी भरलेली असायची, कधीही घरी न्यायला येतील म्हणून. हे ऐकल्यावर बाईंनी निळी फाईल टेबलावर ठेवली. सहकाऱ्यांनी एकेक प्रत उलटून पाहिली आणि म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही माझ्या चुका जपून ठेवताय."

झेरॉक्स काढणं अजून सुटलेलं नाही. सुटावं असा माझा आग्रहही नाही. त्या रात्री मागे राहिलेल्या भावाबद्दल त्यांनी सहकाऱ्याला काही सांगितलेलं नाही. मलाही एकदाच, जाता जाता, दाराशी थांबून सांगितलं.