पिल्लू खात नाही? आधी ऊब बघ

भाऊ, घाबरू नकोस, पण उशीरही करू नकोस. तुझ्या बिअर्डेड ड्रॅगनचं (पाळीव सरड्याचं) पिल्लू खात नाही, पाय थरथरतायत आणि जबडा दाबल्यावर मऊ लागतोय म्हणालास, ही कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे. सरड्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आजच गाठ. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमतंच असं नाही, फोनवर आधी विचारून घे.

तोवर घरी एवढंच:

- दिव्याखालच्या दगडावर ४० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २६-२८. अंदाज नको, थर्मामीटर ठेव. नाशिकच्या डिसेंबरात रात्री पारा १० च्या खाली जातो. टाकी खिडकीपासून हलव.
- यूव्हीबी ट्यूब लाव, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा; त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते.
- वाळू काढ, वर्तमानपत्र अंथर. पोटात गेलेली वाळू आतडं तुंबवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जबरदस्तीने भरवणं. मीही केलीय. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने लापशी घातली; दोन दिवस पोट टम्म, विष्ठा नाही. अंग तापल्याशिवाय याला पचतच नाही. आधी ऊब, मग अन्न.

खायला लागलं की दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान किडे, त्यांवर कॅल्शियम पावडर भुरभुरून. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतं. आणि पावसाच्या तोंडावर अंगणात दिसणारा काजवा कधीच नाही, तो याला विष आहे.

रोज वजन लिहून ठेव, स्वयंपाकघरातला काटा चालेल. बाकी रंग, जाती, जोडी वगैरे नंतर बोलू.