आर्किटेक्टला जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी? अजिबात नको

ताई, तुमचं सगळं प्रकरण वाचलं. साताऱ्यात वडिलांचा बंगला, तुम्ही टोरांटोत, आर्किटेक्टने दुरुस्तीच्या नावाखाली गच्चीवर खोल्या चढवायला घेतल्या, कॉन्ट्रॅक्टरचे पैसेही त्याच्याच खात्यात गेले, आता नगरपालिकेची नोटीस आली आणि हा म्हणतो पॉवर (म्हणजे मुखत्यारपत्र) पाठवा, मी मिटवतो.

पाठवू नका. त्याचा मसुदा बघितला, तिसऱ्या पानावर विक्री, गहाण, बक्षीसपत्र सगळे अधिकार घातलेत. गच्चीवरच्या खोल्यांना बक्षीसपत्र कशाला लागतं हो?

नोटीस एमआरटीपी ॲक्ट १९६६ (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) च्या कलम ५३ ची आहे आणि ती मालकाच्या नावाने येते, आर्किटेक्टच्या नाही. त्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवायला परवानगीचा अर्ज टाकता येतो, तो टाकला की निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो, मुदत गेली की मग कोर्टात पळापळ. नियमात न बसणारं मात्र पाडावंच लागेल. तोवर काम बंद ठेवा असं त्याला ईमेलवर लेखी कळवा, नुसतं फोनवर नको.

खरी अडचण त्या अर्जावरच्या सहीची आहे. मिळकत पत्रिकेवर अजून बाबांचंच नाव, म्हणजे वारस नोंद करून घ्या, आणि भावाचीही सही लागणार. त्याच्याशी बोलणं बंद आहे म्हणता, पण फोन लावाच, यावर माझ्याकडे कायद्यातलं औषध नाही.

पॉवर द्यायचीच तर मावसभावाला, फक्त ह्या अर्जापुरती आणि नगरपालिकेत हजर राहण्यापुरती. तिकडे भारतीय कॉन्सुलेटमध्ये सही करा किंवा नोटरी करून अपोस्टिल घ्या (कागद परदेशात चालावा म्हणून तिथलं सरकार देतं ते प्रमाणपत्र, कॅनडात जानेवारी २०२४ पासून मिळतं), आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे हमखास राहून जातं.

आता आर्किटेक्ट. तो कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेला आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघा, कारण आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअरलाही लोक सर्रास आर्किटेक्टच म्हणतात. नोंदणी असेल तर गैरवर्तनाची तक्रार तिथे करता येते, कॉन्ट्रॅक्टरकडून कमिशन खाणं त्यांच्या नियमात बसत नाही. नसेल तरी ग्राहक आयोग आहेच, दोन वर्षांच्या आत, तक्रार ऑनलाइन दाखल होते. आधी पैशांचा हिशोब लेखी मागा, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि बँकेच्या पावत्या जपून ठेवा.

आणि नोटिशीचा फोटो परत पाठवा, तारखेचा कोपरा कापला गेलाय.