कालनिर्णयवरचे दुधाचे खाडे

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्या मुलीने एमएला कल्चरल स्टडीज घेतलंय. संस्कृती म्हटल्यावर मला वाटलं ज्ञानेश्वरी, लेणी, शास्त्रीय संगीत असं काहीतरी असेल. परवा बघतो तर ही सिरियलमधल्या सासूवर असाइनमेंट लिहितेय! सिरियल तर आमची सौ पण बघते, फी न भरता. याला अभ्यास म्हणायचं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, आधी स्वयंपाकघरात जा आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघा, असणारच. १९७३ला जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं ते. छापणाऱ्याने दिलंय काय तर तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय, मागच्या बाजूला रेसिपी आणि लेख. आणि घरच्यांनी त्याचं केलंय काय, तर दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, मावशी कामाला आल्या नाहीत त्या दिवसांवर फुल्या, कोपऱ्यात कुणाचातरी नाव नसलेला फोन नंबर. आमची आई तर जानेवारी उजाडला तरी जुनं फेकू देत नाही, हिशोब राहिलेत म्हणते. म्हणजे आणलं पंचांग आणि झाली वही, हे कुणी शिकवलं नाही हो कुणाला. आता जरा अजून खोलात जा, मावशींच्या खाड्यांची नोंद आपल्या भिंतीवर असते, पण आपण त्यांना थांबवून घेतलेल्या जास्तीच्या तासांची नोंद कुठे असते? आणि लाल शाईतली सुट्टी नक्की कुणाला मिळते, त्या दिवशीही भांडी घासायला कोण येतं? झालं, कल्चरल स्टडीज सुरू झालं तुमचं.

हे असं बघायची पद्धत बसली ती इंग्लंडात. १९६४ला बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्टनी यासाठी एक सेंटर काढलं, हे गृहस्थ लीड्सच्या कामगार वस्तीत वाढलेले. त्याआधी १९५८ला रेमंड विल्यम्सनी मांडलं होतं की संस्कृती ही रोजची, साधी गोष्ट आहे, ती काही खास लोकांची मक्तेदारी नाही (त्यांचे वडील वेल्समध्ये रेल्वेचे सिग्नलमन, त्यामुळे हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नसणार). पण मुलीच्या असाइनमेंटमागे बहुतेक स्टुअर्ट हॉल आहेत, मूळचे जमैकाचे, पुढे तेच सेंटरचे प्रमुख झाले. १९७३ला त्यांनी टीव्हीबद्दल सांगितलं की बनवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तोच काढेल याची गॅरंटी नाही. समजा सिरियल म्हणतेय की सुनेने सोसलं की घर टिकतं. एक बाई डोळे पुसत म्हणेल, अगदी खरंय. दुसरी म्हणेल, सोसावं लागतंच गं, पण माझ्या मुलीवर वेळ आली तर सरळ बॅग उचल आणि माहेरी ये. तिसरी म्हणेल, बायकांना घरात बसवायचे धंदे आहेत हे सगळे. आणि गंमत म्हणजे एकाच बाईत हे तिन्ही सापडू शकतं, एपिसोडगणिक! तुमच्या सौ यातल्या कुठल्या हे तुम्ही कधी विचारलंय का? मुलीने विचारलं असणार.

प्रश्न : पण शेवटी लोकांनी काय बघायचं, काय घ्यायचं हे कंपन्याच ठरवतात ना? आपण फक्त गिऱ्हाईक.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : अडोर्नो आणि होर्कहायमर हेच म्हणत होते. हिटलरमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले हे दोघं विचारवंत, तिथला सिनेमा आणि रेडिओ बघून १९४०च्या दशकात लिहून गेले की हा कारखान्यातला माल आहे, एकाच साच्यातला. मला हे अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी वॉकमन बघा, म्हणजे हिंडता हिंडता ऐकायचा तो छोटा कॅसेट प्लेअर. १९७९ला सोनीने पहिला वॉकमन काढला त्याला हेडफोनची दोन भोकं होती, कारण एकट्यानेच कानाला लावून बसणं उद्धटपणाचं वाटेल असं सोनीच्या मोरितासाहेबांना, म्हणजे कंपनीच्या एका संस्थापकांना, वाटलं. वर एक केशरी बटणही, दाबलं की गाणं हळू होणार आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार. लोकांनी काय केलं, एकट्यानेच ऐकलं! पुढेपुढे मॉडेलमधून दुसरं भोक गेलं. आता यावरून गिऱ्हाईक राजा झालं म्हणणारे पण असतात, मॉलमध्ये फुकट एसी खाल्ला तरी त्याला बंड म्हणणारे संशोधनाचे पेपर मी वाचलेत, तेवढं काही मला झेपत नाही. दोन्ही वेळेला पैसे सोनीलाच गेले की.

प्रश्न : लोकसंस्कृती आणि लोकप्रिय संस्कृती एकच का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही, पण मराठीत दोन्हीकडे 'लोक' आल्यामुळे घोळ होतो. जात्यावरची ओवी दळणारीनेच रचायची आणि तिनेच म्हणायची, तिला तिकीट नाही आणि प्रोड्युसरही नाही. सिनेमातलं गाणं मात्र अनोळखी लाखो लोकांसाठी, विकायलाच बनतं. परीक्षेत एवढं चालेल. फक्त लावणीबद्दल विचारलं तर जपून लिही, ती फडावरून सिनेमात गेली, सिनेमातून कॉलेजच्या गॅदरिंगला आली, आणि गॅदरिंगमध्ये तिला शिट्ट्या-टाळ्या देणारे आईबाप मुलीला फडावर पाठवतील का, हे एकदा त्यांनाच विचारून बघ.